वितळायचे राहिलेले देव

प्लिनी नावाचा रोमन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेला आहे, की एकट्या ऱ्होड्स बेटावर हजारो पुतळे आहेत आणि अथेन्स, ऑलिंपिया, डेल्फी इथेही काही कमी नसावेत. त्यातले पुष्कळसे ब्राँझचे. आज माणसाएवढे, बऱ्यापैकी धड असलेले मूळ ग्रीक ब्राँझ पुतळे बघायचे म्हटलं, तर अथेन्स, पिरेयस, डेल्फी आणि इटलीतलं रेज्जो कालाब्रिया एवढी ठिकाणं केली की नावाजलेले बरेचसे पाहून होतात. बाकीचे गेले कुठे? वितळले. ब्राँझ महागाचा धातू. त्याची नाणी होतात, भांडी होतात, हत्यारं होतात. राज्य बदललं, देव बदलले, की चौकातला पुतळा म्हणजे नुसता मोडीचा माल. संगमरवराचंही फार वेगळं झालं नाही. तो भट्टीत भाजला की चुना होतो, आणि चुना कुठल्याही काळात लागतोच.

थोडक्यात, जे उजळ माथ्यानं उभं होतं, ज्याची लोक पूजा करत होते, ज्याची देखभाल होत होती, ते बहुतेक सगळं गेलं. जे बुडालं, गाडलं गेलं, विहिरीत पडलं, ढिगाऱ्याखाली सापडलं, ते उरलं. ग्रीसमध्ये हिंडताना हे हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्यानंतर प्रत्येक मूर्तीखालच्या पाटीवर मी शिल्पकाराचं नाव आणि शतक सोडून आधी 'कुठे सापडलं' ही ओळ वाचायला लागले.

बरोबर ताई होती. ताई बँकेतून निवृत्त झालेली. तिला संग्रहालयांचं फारसं वेड नाही, पण तिकीट काढलं की ते वसूल झालंच पाहिजे यावर तिची श्रद्धा आहे. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात दोन दालनं झाल्यावर ती म्हणाली, "अगं, एकाला तरी धड नाक आहे का इथे?" मी म्हटलं, माणूस तोंडावर पडला की पहिलं नाकच फुटतं, मग दगडाच्या माणसाचं वेगळं काय होणार? "तसं नव्हे," ती म्हणाली, "हे सगळे एकजात पडलेच कसे?" प्रश्न बरोबर होता. ज्यांच्याकडे आपण बघत होतो ते पडले म्हणूनच तिथे होते.

त्या संग्रहालयात सगळ्यात जास्त गर्दी सोन्यापाशी असते. जर्मन उत्खनक श्लीमानला १८७६ साली मायसीनी या प्राचीन नगरीच्या थडग्यांत सापडलेला तो प्रसिद्ध मुखवटा. ट्रॉयवर चढाई करणाऱ्या आगामेम्नॉन राजाचा म्हणतात, पण ट्रॉयचं युद्ध ज्या काळात झालं असेल असं मानतात त्याच्या तीन-चारशे वर्षं आधीचा आहे. एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. समोर सेल्फीवाल्यांची रांग होती. मी बघितला आणि पुढे सरकले. सोनं कुठेही सोन्यासारखंच दिसतं.

पुढे मात्र थांबावंच लागतं. दालनाच्या मधोमध दोन मीटरहून थोडा उंच, नागवा, दाढीवाला देव उभा आहे. डावा हात समोर ताणलेला, नेम धरल्यासारखा. उजवा मागे खेचलेला, काहीतरी फेकायच्या बेतात. त्या हाताची बोटं कशाभोवती तरी वळलेली आहेत आणि ते 'कशाभोवती' नेमकं हरवलंय. वज्र असेल तर हा देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्राचा देव पोसायडन. विद्वानांचा वाद जुना आहे. त्रिशूळ धरला तर त्याचा दांडा चेहऱ्याच्या आड येईल, म्हणून बहुतेकांचं मत झ्यूसच्या बाजूनं. इसवी सनापूर्वी ४६०च्या सुमाराचा हा पुतळा एव्हिया बेटाच्या उत्तर टोकाला, आर्टेमिसिअन भूशिराजवळ समुद्राच्या तळाशी होता. १९२६ साली आधी एक हात वर आला, दोन वर्षांनी उरलेला देह. त्याच्याभोवती एक फेरी मारा. समोरून तो सबंध पसरलेला दिसतो, हाताच्या रेषेत उभं राहिलं तर अरुंद होत होत नाहीसा होतो, आणि मागून पाठीचे स्नायू बघितले की वाटतं, पुढच्या क्षणाला हात सुटणार. डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या आहेत. तिथे दुसऱ्या साहित्याचे डोळे बसवलेले असायचे.

त्याच बुडालेल्या जहाजातून एक घोडा आणि त्यावरचा पोरगा आला. पोरगा जेमतेम दहा वर्षांचा वाटतो. घोडा प्रचंड, उधळलेला. पोराच्या कपाळावर आठ्या आहेत, तोंड किंचित उघडं, हातातला लगाम गेलाय पण मुठी तशाच. हे शिल्प तुकड्या-तुकड्यांनी सापडलं, आणि घोडा-पोरगा जोडून लोकांसमोर ठेवायला १९७२ साल उजाडलं. देव आणि राजे बघून दमलेल्या माणसाला हा पोरगा हायसं करतो. त्याला शर्यत जिंकायची आहे, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नाही. ताई त्याच्यापुढे बराच वेळ उभी होती. एक तरुण पर्यटक झ्यूससारखे हात पसरून फोटो काढून घ्यायला लागला तेव्हा पहारेकरी बाई अशा काही खेकसल्या, की सगळं दालन दचकलं. ग्रीक संग्रहालयांत मूर्तीशेजारी तिची नक्कल करत उभं राहिलेलं मुळीच खपवून घेत नाहीत. मला ते आवडलं.

आता जहाजांचा विषय निघालाच आहे तर अँटिकिथेरा. क्रीट आणि ग्रीसची मुख्य भूमी यांच्या मधलं हे एक छोटं बेट. १९०० साली सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे वादळामुळे तिथे आसऱ्याला थांबले. थांबलोच आहोत तर स्पंज बघू म्हणून एकानं बुडी मारली, आणि घाबराघुबरा होऊन वर आला. खाली मेलेल्या नागड्या माणसांचा आणि घोड्यांचा खच पडलाय, असं तो सांगायला लागला. कप्तान दिमित्रिओस कोंडोस स्वतः उतरला. मेलेली माणसं म्हणजे पुतळे होते. पुढे सरकारनं नौदलाचं जहाज दिलं आणि याच पाणबुड्यांकडून माल वर काढून घेतला. खोली चाळीस मीटरांहून जास्त. त्या काळच्या डोक्यावरच्या तांब्याच्या टोपांनिशी ते उतरत. रक्तात हवेचे बुडबुडे होतात हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. एक पाणबुड्या मेला, दोघे कायमचे लुळे झाले. संग्रहालयात या वस्तूंसमोर उभं राहताना ही तीन माणसं मनातून जात नाहीत, जाऊही नयेत.

या जहाजातून आलेला ब्राँझचा तरुण देखणा आहे, त्याचे फोटो सगळीकडे असतात. मला त्याहून पाहण्यासारखा वाटला तो संगमरवरी मुलगा. कुस्तीच्या पवित्र्यात वाकलेला. त्याच्या अंगाचा जो भाग वाळूत रुतला होता, तो काल घासून ठेवल्यासारखा गुळगुळीत आहे. नखं दिसतात, कातडीचा ताण दिसतो. जो भाग पाण्यात उघडा राहिला, तो दगड पोखरणाऱ्या समुद्री जिवांनी खाल्लाय. वाळवी लागलेल्या दाराची चौकट हाताला लागावी, तसा भोकाभोकांचा. एकाच देहावर या दोन्ही गोष्टी आहेत आणि मधली सीमा इतकी स्पष्ट आहे, की वाळूची पातळी कुठवर होती ते बोटानं दाखवता येतं. दोन हजार वर्षं एका बाजूला काहीच झालं नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळं झालं.

इंद्रायणीनं तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांत परत केल्या अशी आपली श्रद्धा. इथल्या समुद्रानं फार वेळ घेतला, आणि अजून त्याचं देणं संपलेलं नाही. अलीकडच्या वर्षांत अँटिकिथेराला पुन्हा शोधमोहिमा सुरू झाल्या. २०२२ मध्ये तिथून एक संगमरवरी डोकं वर काढलं. ते बहुधा संग्रहालयात शंभरहून अधिक वर्षं बिनडोक्याच्या उभ्या असलेल्या हर्क्युलिसचं आहे.

आणि अर्थात याच जहाजातून आलेलं ते यंत्र. बाहेरून बघाल तर हिरवट गंज चढलेले तीन मोठे गोळे आणि बरेच बारके तुकडे. एकूण ८२. पुतळ्यांच्या धांदलीत त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. १९०२ साली पुरातत्त्वज्ञ व्हॅलेरिओस स्टाइस यांना एका तुकड्यात दातेरी चाक दिसलं. पुढे क्ष-किरणांनी आत डोकावल्यावर कळलं, की आत निदान तीस चाकं आहेत आणि बाजूची मूठ फिरवली की सूर्य-चंद्राची स्थानं, ग्रहणांच्या शक्यता, इतकंच काय, ऑलिंपियासारख्या खेळांचं चार वर्षांचं चक्रही दिसायचं. एका मोठ्या चाकाला २२३ दाते आहेत. ग्रहणं साधारण २२३ चांद्रमासांनी पुन्हा त्याच क्रमानं येतात, म्हणून. दुसरा एक हिशेब १९ वर्षांत २३५ चांद्रमासांचा.

इथे ताई पहिल्यांदा पुढे सरकली. "एकोणीस बारे दोनशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "म्हणजे वर सात. एकोणीस वर्षांत सात अधिकमास." मी तिच्याकडे बघतच राहिले. आपल्याकडेही एकोणीस वर्षांत साधारण सातच अधिकमास पडतात, जावयाला अनारसे देताना हा हिशेब कुणी करत नाही एवढंच. चंद्राच्या महिन्यांनी वर्ष मोजायचं आणि ते सूर्याला सोडूनही जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं की आकाश सगळ्यांना एकच उत्तर देतं. फक्त यांनी ते दातेरी चाकांत बसवलं होतं. असं दुसरं यंत्र त्या काळातलं मिळालेलं नाही. असेल तर तेही वितळलंच असणार. पितळ-ब्राँझची बारीक चाकं कुणी ठेवून देत नाही. हे एक बुडालं, म्हणून आपल्याला कळलं तरी.

अँटिकिथेराच्या शेजारचं मोठं बेट म्हणजे किथेरा, आणि तिथेही एक जहाज बुडालं होतं. १८०२ साली. त्याचं नाव 'मेंटर', मालक ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्जिन, आणि पोटात पेट्यांमधून अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरावरून उतरवलेली शिल्पं. ती वर काढायला दोनेक वर्षं लागली आणि काढली कुणी, तर सिमी आणि कालिम्नोस बेटांवरच्या स्पंजवाल्या पाणबुड्यांनी. अँटिकिथेराला उतरलेले लोक त्याच धंद्यातल्या, शंभर वर्षांनंतरच्या पिढीतले. ग्रीक कलेचा इतिहास लिहिताना फिडियास आणि प्रॅक्सिटेलिस या शिल्पकारांच्यानंतर या पाणबुड्यांचं नाव घ्यायला हवं, असं माझं मत आहे.

एल्जिनची शिल्पं मी त्याआधी लंडनला पाहिली होती, मुलीकडे गेले होते तेव्हा. ब्रिटिश म्युझियममधलं ते लांबलचक दालन, वरून येणारा राखाडी उजेड. ब्रिटिश संसदेनं १८१६ साली ३५,००० पौंडांना ती विकत घेतली. तिथे फिरताना जे सांगितलं जातं त्याचा सूर असा असतो, की आम्ही ती वाचवली. या वाक्यात थोडं तथ्य आहे हे मान्य करायला हवं. पार्थेनॉनवर राहिलेल्या शिल्पांचं विसाव्या शतकात अथेन्सच्या धुरानं वाटोळं झालं, पश्चिमेकडचा पट्टा तर १९९३ पर्यंत वरच होता. पण वाचवणाऱ्यांनी १९३७-३८ मध्ये याच शिल्पांना पांढरंशुभ्र करायच्या नादात तांब्याच्या हत्यारांनी खरवडलं, हेही खरं. संगमरवर मुळात पांढरा चकचकीतच असला पाहिजे हा हट्ट, आणि मूळ शिल्पं तर रंगवलेली होती! निळ्या, तांबड्या रंगांची. आपल्या देवळांच्या शिखरांवरचे रंग बघून नाक मुरडणाऱ्यांना प्राचीन ग्रीक देवळात नेलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती.

अथेन्सचं नवं अक्रोपोलिस संग्रहालय २००९ साली उघडलं. त्याचा वरचा मजला खालच्या इमारतीशी तिरपा बसवलाय, पार्थेनॉनच्या दिशेला समांतर. काचेतून टेकडीवरचं मंदिर दिसतं आणि आत त्याच क्रमानं शिल्पांचा पट्टा फिरतो. जे तुकडे अथेन्समध्ये आहेत ते मधाळ तपकिरी, जे लंडनला आहेत त्यांच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्याफटक प्रती. एकाच घोड्याचा अर्धा भाग तपकिरी आणि अर्धा पांढरा असं पाहिलं की भाषणांची गरज उरत नाही. खालच्या मजल्यावर पार्थेनॉनशेजारच्या एरेख्थिऑन मंदिरातल्या, खांबांच्या जागी छत तोलणाऱ्या पाच खांबकन्या उभ्या आहेत आणि सहावीसाठी जागा रिकामी सोडलीय. सहावी लंडनला. थोडं थोडं परत येतंय म्हणा. सिसिलीतल्या पालेर्मोहून आर्टेमिस देवीच्या पावलाचा एक छोटा तुकडा २०२२ मध्ये कायमचा परत आला, व्हॅटिकननं २०२३ मध्ये तीन तुकडे दिले. मला विचाराल तर लंडनच्यांनीही द्यावेत. ताईचं म्हणणं असं, की व्याजासकट द्यावेत.

या संग्रहालयातली माझी आवडती मंडळी मात्र पार्थेनॉनच्याही आधीची आहेत. इसवी सनापूर्वी ४८० साली इराणी फौजा अथेन्समध्ये शिरल्या, टेकडीवरची देवळं जाळली, मूर्ती फोडल्या. युद्ध जिंकून अथेन्सचे लोक परत आले तेव्हा फुटक्या मूर्तींचं काय करायचं हा प्रश्न होता. पुन्हा उभ्या करता येत नाहीत, फेकता येत नाहीत. त्यांनी त्या टेकडीवरच खड्डे करून पुरल्या. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडायची आपली रीत ज्यांना माहीत आहे त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. १८८६ साली एकाच खड्ड्यातून चौदा कुमारिकांच्या मूर्ती निघाल्या. ओठांवर ते ठरावीक स्मित, वेण्यांवर आणि वस्त्रांच्या काठांवर अजून रंग. शत्रूनं फोडल्या नसत्या तर त्या उघड्यावर राहिल्या असत्या, ऊन-पावसानं रंग गेला असता आणि शेवटी कुठल्या तरी शतकात चुन्याच्या भट्टीत गेल्या असत्या.

डेल्फीला बसनं तीनेक तास लागतात. शेवटच्या वळणांवर ताईनं डोळे मिटून घेतले होते. इथला ब्राँझचा सारथी १८९६ साली फ्रेंच उत्खननात सापडला. त्या उत्खननासाठी देवस्थानावर वसलेलं अख्खं गाव उचलून बाजूला न्यावं लागलं होतं. सारथी तिथे टिकला त्याचं श्रेय भूकंपाला देतात. इसवी सनापूर्वी ३७३ साली डोंगर कोसळला, मंदिर पडलं आणि दरडीखाली हा गाडला गेला असावा. बाकी डेल्फीतलं ब्राँझ लुटून नेलं गेलं, रोमच्या सम्राटांनी तर शेकड्यांनी पुतळे हलवले.

संग्रहालयातल्या शेवटच्या दालनात तो एकटा आहे. उंची १.८० मीटर. सिसिलीतल्या गेला शहराचा सत्ताधीश पॉलिझालोस यानं रथाच्या शर्यतीतल्या विजयाबद्दल वाहिलेला. रथ नाही, घोड्यांचे काही तुकडे आहेत, डावा हात नाही, उजव्या हातात लगामाचे अवशेष. शर्यत संपलेली आहे, तो सावकाश फेरी घेतोय. जवळ जाऊन डोळे बघा. पांढरा डोळा, मधे तपकिरी बुबुळ, आणि कडेला तांब्याच्या पत्र्याच्या कातरलेल्या पापण्या. एकेक केस मोजता येतो. ओठांना तांब्याचा पातळ थर आहे म्हणून ते किंचित लालसर. आणि मग खाली पावलं. अंगरखा घोट्यापर्यंत आहे. पावलं अनवाणी, शिरा फुगलेल्या, अंगठ्याचं नख नीट, बोटं जमिनीला धरून. आता ही पावलं रथात होती. रथाच्या कठड्याआड. खालून बघणाऱ्या भक्ताला ती दिसणं शक्यच नव्हतं. ज्यानं घडवली त्याला ते ठाऊक होतं.

मी याविषयी काहीतरी गंभीर बोलणार होते. ताई म्हणाली, "देवाला वाहायचं होतं ना? मग देवाला दिसणार की." विषय संपला.

खापऱ्यांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्या बघायला थोडकाच वेळ लागतो आणि त्यांचा विचार मात्र पुढे बराच वेळ चालतो. अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत, अगोरामध्ये, अटालोसची दुमजली ओवरी १९५०च्या दशकात पुन्हा बांधून तिथे संग्रहालय केलंय. लहान मुलाला शी-शूला बसवायचं मातीचं खुर्चीवजा भांडं तिथे आहे, सव्वीसशे वर्षांपूर्वीचं. आणि मतदानाच्या खापऱ्या आहेत. एखादा पुढारी डोईजड झाला की लोक खापरीवर त्याचं नाव खरडून टाकायचे. निदान सहा हजार खापऱ्या पडल्या, की ज्याचं नाव जास्त त्याला दहा वर्षं हद्दपारी. सलामिसच्या समुद्रात इराण्यांना बुडवणारा थेमिस्टोक्लिस असाच घालवला गेला. अक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० खापऱ्या एकदम मिळाल्या, आणि अक्षर तपासल्यावर दिसलं की लिहिणारे हात अवघे चौदा. म्हणजे कुणीतरी बसून आधीच लिहून ठेवल्या होत्या, बाजारात येणाऱ्यांच्या हातात कोंबायला. उरलेल्या विहिरीत गेल्या. लोकशाहीच्या या पहिल्या घरात ब्राँझचे पुतळे होते, ते वितळले. कार्यकर्त्यांच्या चिठ्ठ्या राहिल्या.

राष्ट्रीय संग्रहालयात मी पुन्हा एकदा गेले ते फ्रासिक्लिया या मुलीसाठी. इसवी सनापूर्वी ५५०-५४०च्या सुमारास लग्नाआधी गेलेली मुलगी. तिच्या थडग्यावरची ही मूर्ती, करणारा पारोस बेटाचा अरिस्टिऑन. डोक्यावर कळ्या-फुलांचा मुकुट, छातीशी धरलेली कमळाची कळी, तांबड्या वस्त्रावर बारीक नक्षी. बैठकीवर लिहिलंय, की मला कायम कुमारीच म्हणतील. लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं. ही बैठक अनेक शतकं अथेन्सजवळच्या मेरेंडातल्या एका चर्चच्या बांधकामात दगड म्हणून बसवलेली होती. मूर्ती मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. १९७२ मध्ये जवळच एका खड्ड्यात ती आडवी ठेवलेली मिळाली, शेजारी एका तरुणाची मूर्ती. पायाशी ओतलेलं शिसं बैठकीच्या खाचेत नेमकं बसलं. म्हणजे तिला पाडलेलं नव्हतं. कुणीतरी काळजीपूर्वक उतरवून, मातीत निजवून ठेवलं होतं. म्हणून तिच्या कपड्यांवरचा रंग राहिला. नाकही धड आहे. हे ताईनंच दाखवलं.

या संग्रहालयानं स्वतः हेच एकदा केलंय. ज्या रस्त्यावर ते आहे त्याचं नाव '२८ ऑक्टोबर'. १९४० साली त्या दिवशी इटलीनं ग्रीसवर हल्ला केला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत संग्रहालयाच्या लोकांनी स्वतःच्याच इमारतीतल्या दालनांची जमीन खणली, पुतळे उभेच्या उभे खड्ड्यांत उतरवले आणि वर वाळू-माती लोटून फरशी केली. सोनं बँकेत गेलं. त्या वेळचा एक फोटो आहे. खंदकात दाटीवाटीनं उभे असलेले संगमरवरी तरुण, काहींचे चेहरे वर, जणू कुणीतरी हाक मारतंय. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन अथेन्समध्ये शिरले तेव्हा संग्रहालय रिकामं होतं. फरशीवरून बूट वाजवत फिरणाऱ्या सैनिकांच्या पायांखाली सगळं होतं. आपल्याकडे विठोबाला पंढरपुरातून हलवून कुठे कुठे लपवल्याच्या, विहिरीत-डोहात मूर्ती सोडल्याच्या कथा गावोगाव आहेत. तिथे फोटो निघाला, एवढाच फरक.

परतीच्या विमानात ताईला मी कोल्हापूरच्या पोसायडनबद्दल सांगितलं. ती गेली तीस वर्षं कोल्हापुरात राहते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, सातवाहन काळातली घरं निघाली, आणि तिथे मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंच्या साठ्यात ग्रीकांच्या समुद्रदेवाची एक लहानशी मूर्ती होती. पश्चिमेकडून जहाजानं कोकणच्या कुठल्या तरी बंदरात उतरलेली आणि मग घाट चढून आलेली. तेव्हा हा व्यापार जोरात होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या खांबांवर त्यांची नावं आजही वाचता येतात. ब्रह्मपुरीतल्या त्या घरात समुद्राच्या देवाचं काय काम होतं? पूजा असेल, शोभा असेल, किंवा भांड्यांबरोबर मोडीत घालायला ठेवलेला असेल. घर पडलं, वर माती साचली आणि तो वाचला. त्याच्याही हातातला त्रिशूळ गेलाय, पण त्याच्याबाबत वाद नाही, तो पोसायडनच. आता टाउन हॉलच्या संग्रहालयात असतो.

"टाउन हॉलमध्ये?" ताई जवळजवळ ओरडलीच. पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. "अगं, त्याच्यासमोरून मी रोज बँकेत जायची!"

मग तिनं पर्स उघडून ग्रीसमधल्या तिकिटांचा हिशेब काढला, युरोचे रुपये केले आणि मला विचारलं, टाउन हॉलचं तिकीट किती असतं म्हणून.